आवाजाचं की शोभेचं?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी भाच्याला घेऊन फटाके आणायला गेलो होतो. मैदानावर पत्र्याच्या शेडची रांग, प्रत्येक शेडपुढे वाळूने भरलेल्या लाल बादल्या, वर 'धूम्रपान सक्त मनाई'ची पाटी. आमची पाळी आली तशी स्टॉलवाल्याने कॅल्क्युलेटरवरची नजर न काढताच विचारले, "आवाजाचं देऊ की शोभेचं?" भाचा नऊ वर्षांचा. "मामा, दोन्ही," म्हणाला. मग सुतळी बॉम्बचे खोके आणि लवंगी माळा एका पिशवीत, फुलबाज्या, भुईचक्रे आणि भुईनळे दुसऱ्या पिशवीत, असे सामान घेऊन आम्ही निघालो.

फटाक्यांवरून गेली वीस-पंचवीस वर्षे जो वाद चालला आहे, त्याची विभागणी त्या स्टॉलवाल्याने दोन शब्दांत करून टाकली होती. आवाजाचे फटाके सोडून आपण शांत प्रकारांकडे वळावे का? न्यायालयांनी यावर बरेच लिहिले आहे. डॉक्टर बोलले, कारखानदार बोलले, सणाची बाजू घेऊन माणसे पोटतिडकीने भांडली. मधल्या काळात मात्र दिल्लीच्या हवेचा प्रश्न इतका मोठा झाला की आवाजाचा प्रश्न त्या धुरात दिसेनासा झाला. तो वेगळा काढून पाहिला, की काय ठरून गेले आहे आणि काय अजून लोंबकळत आहे, ते नीट कळते.

परंपरा किती जुनी

मराठीत या वस्तूंना 'शोभेची दारू' म्हणतात आणि 'बार'ही म्हणतात. पहिल्या शब्दात पाहण्याचा आनंद आहे, दुसऱ्यात ऐकण्याचा. न वाजलेल्या फटाक्याला आपण 'फुसका बार' म्हणतो आणि फसलेल्या घोषणेलाही तेच नाव देतो. आवाज झाला नाही म्हणजे फजिती झाली, ही समजूत भाषेत इतकी मुरलेली आहे. शांत दिवाळीचा आग्रह धरणाऱ्यांना नुसत्या आकड्यांनी माणसे पटत नाहीत, त्याचे एक कारण इथे आहे.

या विषयाचा पाया घालणारे संशोधन पुण्यात झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या पाचशे वर्षांतल्या भारतीय आतषबाजीचा इतिहास लिहिला. १४४३मध्ये विजयनगरला आलेला अब्दुर रज्जाक तिथल्या उत्सवातली आतषबाजी नोंदवतो. एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'त लग्नाच्या वर्णनात शोभेची दारू येते. पेशव्यांच्या बखरीतली हकिकत तर फार बोलकी आहे. महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीतल्या 'दारूच्या लंके'चे वर्णन पेशव्यांना सांगितले. दारू भरलेले राक्षस, वानर, हनुमान आणि त्या अग्नीत जळणारी लंका. ते ऐकून तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी करवण्यात आला.

या नोंदींमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दारू उडवणारे जाणकार कारागीर, खर्च दरबाराचा किंवा यजमानाचा आणि लोक लांब उभे राहून पाहणारे. घरोघर, दारोदारी, लहान मुलाच्या हातात फटाका आला तो विसाव्या शतकात. १८८४च्या स्फोटक कायद्याने परवान्याची चौकट घातली होती. १९२०च्या दशकात तमिळनाडूतल्या शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार कलकत्त्याला जाऊन आगपेट्यांचे तंत्र शिकून आले. कोरडी हवा, बेभरवशाची शेती आणि स्वस्त मजुरी यांच्या बळावर आगपेट्यांमागून फटाके आले. आज देशातला बहुतांश माल त्याच टापूतून येतो.

म्हणजे 'फटाके ही आपली परंपरा' हे म्हणणे खरे आहे आणि 'दारोदारी बॉम्ब ही परंपरा नव्हे' हेही खरे आहे. नातवाच्या लेखी आजोबांनी केले ती परंपरा, त्यामुळे नुसत्या वयावरून हा वाद मिटणार नाही. पण पाचशे वर्षांचा दाखला देताना तो नेमका कशाचा आहे, हे पाहायला हवे.

आवाज येतो कुठून, मोजतात कसा

सुतळी बॉम्ब हातात घेऊन पाहा. आत कागदात चिमूटभर मिश्रण असते. पोटॅशियम नायट्रेट, ॲल्युमिनियमची भुकटी, गंधक. त्यावर तागाची सुतळी थरावर थर घट्ट गुंडाळून डिंकाने पक्की केलेली. हेच मिश्रण कागदावर मोकळे टाकून पेटवले तर फक्कन जळून जाईल. सुतळीच्या आवळणीमुळे आतला वायू कोंडतो, दाब वाढतो, वेष्टण फुटते आणि धमाका होतो. आवाज दारूचा, तितकाच बांधणीचाही. म्हणूनच शांत फटाका करणे तत्त्वतः अवघड नाही. बांधणी सैल ठेवायची, फोडणारी दारू कमी करायची. मग आकाशात फुटणारे मोठे फूल मात्र मिळत नाही. वर जाऊन दाही दिशांना उधळायचे तर फोडणारी दारू लागतेच. शांत प्रकार कमी उंचीचे, कारंज्यासारखे, ठिणग्या सोडत जाणारे असतात आणि तेही अगदी मुके नसतात.

५ ऑक्टोबर १९९९च्या अधिसूचनेने देशात फटाक्यांच्या आवाजाचे मानक ठरवले. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल (एआय) किंवा १४५ डेसिबल (सी) शिखर पातळीपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायचा नाही, विकायचा नाही, उडवायचा नाही. लडीला आणखी कडक नियम: जितके फटाके जोडलेले, त्या हिशेबाने मर्यादा खाली येते. शंभराच्या लडीतल्या फटाक्याला ११५, हजाराच्या लडीतल्याला ११०.

डेसिबलचे माप सरळ वाढत नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दहापट झाली. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की पातळी साधारण ६ डेसिबलने चढते. मानकात मोजणीची जागाही सांगितली आहे. निदान ५ मीटर व्यासाची काँक्रीटची कठीण जमीन आणि फुटण्याच्या जागेपासून १५ मीटरपर्यंत आवाज परतवणारी एकही भिंत नाही. कारखान्याशेजारच्या मैदानात हे जमते.

दुसरी मोजपट्टी आहे ती परिसराची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. हे आकडे ठरावीक काळाच्या सरासरीचे आहेत. दिवाळीच्या रात्री प्रदूषण नियंत्रण मंडळ शहरोशहरी जी मोजणी करते, ती याच पट्टीवर येते. सरासरी उतरली की 'यंदा आवाज घटला' अशी बातमी लागते. पण खिडकीखाली फुटलेल्या एका बॉम्बने झोपलेले बाळ दचकून रडू लागते, ते सरासरीने नव्हे. कानाला इजा करतो तो क्षणातला शिखर-आवाज. मोठा आवाज आला की कानातले स्नायू आवळून बचाव करू पाहतात, पण धमाका त्याआधीच आत पोचलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत अशा धमाक्यांसाठी प्रौढांना १४० आणि मुलांना १२० डेसिबल ही शिखर-मर्यादा सुचवली आहे. ती कानाशी मोजायची, आपली ४ मीटरवर, मोजण्याच्या पद्धतीतही थोडा फरक. तरीही आपले १४५ त्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत, कारण आपल्याकडे फटाक्याच्या सर्वांत जवळ मूल उभे असते.

न्यायालयांची वाट

सर्वोच्च न्यायालयात आवाजाचा प्रश्न आला तो एका भीषण घटनेतून. तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होत असताना परिसरातल्या कर्कश गाण्यांमुळे तिच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. त्या घटनेने हेलावलेल्या एका अभियंत्याने याचिका केली. त्या प्रकरणात सरन्यायाधीश लाहोटी आणि न्या. अशोक भान यांनी १८ जुलै २००५ रोजी निकाल दिला. फटाक्यांविषयी त्यात चार गोष्टी होत्या. आवाजाचे आणि प्रकाश-रंगाचे असे फटाक्यांचे दोन वर्ग करावेत. आवाजाच्या फटाक्यांना रात्री १० ते सकाळी ६ पूर्ण बंदी. प्रकाश-रंगाच्या प्रकारांना वेळेचे बंधन घालण्याची गरज नाही. आणि फुटल्यावर आवाज मोजत बसण्यापेक्षा आत काय आणि किती भरले आहे, यावर कारखान्यातच नियंत्रण ठेवणे जास्त व्यवहार्य.

स्टॉलवाल्याचा 'आवाजाचं की शोभेचं' हा भेद देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा रीतीने २००५मध्येच मान्य केला होता. २०१०मध्ये रात्रीची आणि शांतता क्षेत्रातली बंदी थेट नियमांतच आली. वर्षातले काही दिवस ध्वनिक्षेपकांना मध्यरात्रीपर्यंत जी सवलत मिळते, ती फटाक्यांना लागू नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्यानंतर वाट बदलली. २०१५मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने, त्यांच्या वडिलांमार्फत, याचिका दाखल झाली. तिचा विषय हवा होता. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्या. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांनी सरसकट बंदी नाकारली. मात्र दिवाळीला रात्री ८ ते १० एवढाच वेळ दिला, लडी आणि बेरियमचे क्षार बंद केले, फक्त 'हरित' फटाक्यांना मुभा ठेवली, ऑनलाइन विक्री थांबवली आणि अंमलबजावणीत कसूर झाली तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरले. २०२१मध्ये बंदी असलेली रसायने सर्रास वापरली जात असल्याचा सीबीआयचा अहवाल न्यायालयापुढे आला. नोव्हेंबर २०२३मध्ये, हे आदेश केवळ दिल्लीपुरते नसून देशभर लागू आहेत, असे स्पष्ट झाले. त्याच महिन्यात मुंबईच्या बिघडलेल्या हवेची स्वतःहून दखल घेणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाने आधी संध्याकाळी ७ ते १० आणि मग ८ ते १० अशी वेळ बांधून दिली. ऑक्टोबर २०२५मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने दिल्ली परिसरात दिवाळीच्या आदल्या दिवशी आणि दिवाळीला हरित फटाक्यांना सकाळी ६ ते ७ आणि रात्री ८ ते १० अशी परवानगी दिली. त्याआधी सप्टेंबरात, स्वच्छ हवा दिल्लीकरांनाच का, धोरण देशभराचे हवे, असेही त्यांनी म्हटले होते.

हवेची ही काळजी रास्तच आहे. पण तिच्यामुळे २००५चा भेद पुसला गेला. ८ ते १०ची वेळ फुलबाजीलाही लागू आणि बॉम्बलाही. कायद्याच्या नजरेत दोन्ही पिशव्या पुन्हा एक झाल्या.

महाराष्ट्रापुरती एक गाठ आणखी आहे. आपल्याकडे दिवाळीचा पहिला फटाका नरक चतुर्दशीच्या पहाटे उडतो. अभ्यंगस्नान, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणे आणि मग अंधार असतानाच अंगणात फटाके. ही वेळ सहाच्या आतली, म्हणजे आवाजाच्या फटाक्यांना गेली वीस वर्षे बंदी असलेली. तमिळनाडूने २०१८मध्ये सकाळच्या दिवाळीचे कारण देऊन वेळ बदलून मागितली, तेव्हा दोन तासांची मर्यादा ठेवून वेळ ठरवण्याची मुभा मिळाली. आपल्या पहाटेविषयी तशी चर्चा झाल्याचे फारसे दिसत नाही. नियम मोडत राहायचे आणि सगळ्यांनी काणाडोळा करायचा, असा तोडगा आपण शोधला आहे. कुणाच्याच हिताचा नसलेला असा तोडगा मला बरा वाटत नाही.

बाजू कोणकोणत्या

शांततेच्या बाजूने बोलणाऱ्यांत पहिले डॉक्टर आहेत. तान्ही मुले, हृदयविकाराचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे यांना खिडक्या लावून घेण्यापलीकडे उपाय नसतो. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात न्या. ओक यांच्या खंडपीठाने २०१६मध्ये ध्वनिप्रदूषणावर सविस्तर निकाल दिला. मुंबईत सुमैरा अब्दुलाली यांच्या 'आवाज फाउंडेशन'ने वर्षानुवर्षे मीटर घेऊन मोजण्या केल्या आणि आकडे लोकांपुढे ठेवले. प्राण्यांची बाजू मांडणारेही आहेत. कुत्र्यांना आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले ऐकू येते. दिवाळीत पलंगाखाली थरथरत बसलेले कुत्रे ज्यांच्या घरी आहे, त्यांना पुरावा द्यावा लागत नाही. पक्ष्यांवरचा अभ्यास नेदरलँड्समधला आहे. हवामानाच्या रडारवर सलग तीन नववर्षरात्री असे दिसले की मध्यरात्री फटाके सुरू होताच हजारो पक्षी थव्यांनी उठतात आणि सुमारे ५०० मीटर उंच जातात.

या बाजूचे महाराष्ट्रातले जुने काम म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम. शाळेत मुलांनी संकल्पपत्र भरायचे आणि वाचलेल्या पैशांतून पुस्तके किंवा गरजूंसाठी काही घ्यायचे. या मोहिमेने मुलाच्या हातात निर्णय दिला, हे तिचे मोठेपण.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही नीट ऐकायला हवे. वर्षभर कामाला जुंपलेल्या माणसाला एक रात्र मोठ्याने आनंद करावासा वाटतो, यात गैर काही नाही. वस्तीत राहणाऱ्याकडे लॉन नाही, क्लब नाही. शंभर रुपयांच्या माळेत त्याची दिवाळी असते आणि शांततेचा उपदेश बहुतेक वेळा बंद काचांच्या घरांतून येतो. दुसरा आक्षेप पक्षपाताचा: दिवाळीवरच बोट का? लग्नाच्या वराती, निवडणुकीचे विजय, क्रिकेटचे सामने, नववर्ष, डीजे यांचे काय? यातला अर्धा भाग मला पूर्ण पटतो. वरातीतल्या दहा हजारांच्या माळेला दिवाळीचा आडोसाही नसतो. नियम कागदावर सगळ्यांना सारखेच आहेत, २००५च्या निकालाने धर्माच्या नावावर सूट नाकारली आणि बेडेकर प्रकरणातही कुणाला वगळले गेले नाही. पण रस्त्यावर तो सारखेपणा दिसत नाही, तोवर हा आक्षेप राहणारच.

तिसरी बाजू पोटाची. शिवकाशीचे उद्योजक लाखो लोकांच्या रोजगाराचा हवाला देतात. त्या रोजगाराची किंमत मात्र तिथल्याच कामगारांनी मोजली आहे. ५ सप्टेंबर २०१२ रोजी मुदलीपट्टीच्या कारखान्यातल्या स्फोटात सुमारे चाळीस माणसे गेली. शांत वस्तू बनवणारेही सुरक्षित नसतात. पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्यात डिसेंबर २०२३मध्ये वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि महिला कामगार होरपळून गेल्या. ती मेणबत्ती पेटते तेव्हा टाळ्यांच्या आवाजात तिचा आवाज ऐकूही येत नाही.

शांत म्हणजे स्वच्छ नव्हे

या वादात सर्वांत मोठी गल्लत इथे होते. २०१६मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर सहा प्रकार जाळून त्यांचा धूर मोजला. पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे कण. त्यांची सर्वोच्च पातळी घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये अशी आली: नागगोळी सुमारे ६४,५००, हजाराची लड ३८,५००, फुलबाजी १०,४००, भुईनळा ४,९००. चोवीस तासांच्या सरासरीचे आपले मानक ६० आहे. सर्वांत वर आहे ती नागगोळी, जिच्यातून टाचणी पडल्याएवढाही आवाज येत नाही. त्या काळ्या नागावर मुले ओणवी होऊन पाहत असतात. फुलबाजीच्या तारेचे तापमान हजार अंशांच्या वर जाते, तिने भाजते.

उलट दिशेनेही तेच. 'हरित' शब्द ऐकून पुष्कळांना वाटते की हा फटाका शांत असेल. हरित फटाक्याचे सूत्र नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेने २०१८मध्ये पुढे आणले. 'स्वास', 'स्टार', 'सफल' ही त्या प्रकारांची नावे. त्यांचे वचन आहे धुरातले कण निदान ३० टक्क्यांनी घटवण्याचे. आवाजाच्या बाबतीत १२५ डेसिबलपर्यंत तो जाऊ शकतोच, कारण कायद्याची मर्यादाच तेवढी आहे. खोक्यावर हिरवे चिन्ह आणि क्यूआर कोड असलेला बॉम्ब म्हाताऱ्या माणसाला तितकाच दचकवतो.

बेरियमबंदीचा फटकाही उफराटा बसला. बेरियम नायट्रेट मुख्यतः फुलबाजी, चक्र, भुईनळे यांत लागते, म्हणजे शोभेच्या प्रकारांत. सुतळी बॉम्बला त्याची गरज नसते. हवेसाठी घेतलेल्या एका योग्य निर्णयाने शांत माल बनवणे अवघड केले आणि बॉम्बला धक्का लागला नाही. दोन्ही प्रश्न वेगवेगळे न हाताळल्याचा हा परिणाम.

इतरांनी काय केले

इटलीत पार्माजवळच्या कोलेक्यो गावाने २०१५मध्ये प्राण्यांचा विचार करून शांत आतषबाजीच हवी असा नियम केला. कॅनडातल्या बॅन्फने २०१८मध्ये राष्ट्रीय दिनाच्या कार्यक्रमात कमी आवाजाचे प्रकार आणले, कारण ते गाव वन्य प्राण्यांच्या शेजारी आहे. गालापागोस बेटांनी त्याच वर्षी आवाजाचे फटाके बंद करून नुसत्या प्रकाशाचे ठेवले. नेदरलँड्सने २०२५मध्ये नागरिकांना फटाके विकण्यावर बंदी घालणारा कायदा मंजूर केला, फुलबाजीसारखे किरकोळ प्रकार तेवढे मोकळे ठेवून. ब्रिटनमध्ये एरवी रात्री अकरानंतर फटाके बंद, पण दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत मुभा आहे. लंडनच्या मराठी माणसाला कायद्याने जी सवलत मिळते, ती पुण्याच्या माणसाला नाही.

यापेक्षा मला जवळचे वाटते ते शिवकाशीच्याच राज्यातले उदाहरण. शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याशेजारी कोल्लुकुडिपट्टी नावाचे गाव आहे. दिवाळीच्या सुमारास तिथे स्थलांतरित पक्षी अंडी घालायला येतात, म्हणून गावाने कित्येक दशके फटाके वाजवलेले नाहीत. त्यासाठी पोलीस लागले नाहीत.

ड्रोनचे खेळ हा पर्यायही पुढे येतो. जानेवारी २०२२मध्ये दिल्लीत बीटिंग रिट्रीटच्या वेळी हजार भारतीय ड्रोन उडाले. ते सुंदर होते, पण घरच्या अंगणाला त्याचा उपयोग नाही. हातात घेऊन पेटवण्यातली गंमत ड्रोन देत नाही. आपल्याकडचे शांत पर्याय खरे तर घरचेच आहेत. मुलांचे मातीचे किल्ले, आकाशकंदील, दिवाळी पहाटेच्या मैफली, १९०९मध्ये 'मनोरंजन'पासून सुरू झालेले दिवाळी अंक. दिवाळी मोठ्या आवाजाशिवाय भरून जाऊ शकते, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको.

अजून काय ठरायचे आहे

रात्री १० ते ६ आवाजाचे फटाके नाहीत, हे ठरलेले आहे. आवाजाला धर्माची सूट नाही, हेही. पण फुटून गेलेल्या फटाक्याचा पुरावा उरत नाही. पोलीस येईपर्यंत रस्त्यावर कागदाचा लाल चुरा तेवढा राहतो. म्हणून कारखान्यातच बंधन घाला, असे २००५चा निकाल सांगत होता. आत किती दारू भरायची याची कडक मर्यादा आणि प्रत्येक खोक्याची खरी तपासणी हे काम स्फोटकांचे परवाने देणाऱ्या 'पेसो'कडे आहे, त्याचे मुख्यालयही नागपुरातच. ते पुरते झाले असते तर गल्लीत मीटर घेऊन फिरायची वेळ आली नसती.

१२५चा आकडा खाली आणावा का, हेही ठरलेले नाही. युरोपात मर्यादा १२० आहे. आधीच बंद केलेल्या लडींबरोबर बॉम्बही सरसकट थांबवून शोभेच्या प्रकारांना वेळेची सवलत द्यावी का, की शोभेच्या धुरामुळे तेही नको, यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. सामुदायिक मैदानाची कल्पना २०१८च्या निकालात आहे. पर्वतीच्या पायथ्याच्या त्या देखाव्यासारखीच ती: जाणकारांनी उडवायचे, लोकांनी लांबून पाहायचे. ती फार थोड्या ठिकाणी उतरली. आपल्या पहाटेच्या वेळेचा प्रश्न फारसा कुणी मांडलेला नाही.

माझे मत विचाराल तर आवाजाच्या आणि शोभेच्या फटाक्यांचा भेद कायद्यात परत यायला हवा आणि वस्तीत बॉम्ब आणि लडी यांना जागा नसावी. शोभेच्या प्रकारांवर धुराच्या हिशेबाने वेगळी बंधने असावीत आणि नागगोळी त्यात पहिली जावी. यावर मतभेद असू शकतात. एका गोष्टीवर ते नसावेत: आवाजाचा आकडा वाचताना भोवतीची जागाही पाहायला हवी.

त्या दिवशी घरी आल्यावर भाच्याने सुतळी बॉम्बचे खोके उघडायला घेतले. मी म्हटले, "थांब रे, आधी जागा मोजू." खोक्यावरचा आकडा ४ मीटरवरचा आहे आणि भोवती १५ मीटर भिंत नसलेल्या मैदानातला, हे त्याला सांगितले. सुताराची टेप काढून आम्ही आमच्या गल्लीची रुंदी मोजली, आमच्या उंबऱ्यापासून समोरच्या आजींच्या खिडकीपर्यंत. ती ३ मीटर २० सेंटिमीटर भरली.